नीरा, शँपेन आणि कायद्याची रसना

'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण मूळची गुजरातीतील. परंतु डहाणूपासून काणकोणापर्यंतच्या किनाऱ्यावरील मराठी वाचकाला ती परकी वाटत नाही. थंडीत तापीकाठी मिळणारा कोवळ्या ज्वारीचा पोंक, चंदी पाडव्याची घारी आणि पहाटे मडक्यातून ओतलेली थंडगार नीरा यांचे वर्णन ऐकून ज्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही असा माणूस विरळाच. जिभेचे लाड पुरवता पुरवता जिभेची पारखही जोपासणारे हे शहर आहे. गुजरात सरकारच्या मद्यविषयक धोरणात अलीकडे जे बदल झाले, त्यांचा विचार करताना आम्हांस वारंवार या सुरतेचीच आठवण होते. चव, प्रतिष्ठा आणि कायदा यांची जी गाठ त्या धोरणात पडली आहे, ती सुरतेच्या ताडा-शिंदीखाली उभे राहून पाहिली तरच नीट उकलते.

१७ डिसेंबर २०२३ रोजी सुरतेच्या हिरेबाजाराच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, गुजरात सरकारने गांधीनगरनजीकच्या 'गिफ्ट सिटी' या आर्थिक वसाहतीपुरती दारूबंदी सैल केल्याचे जाहीर केले. तेथे काम करणाऱ्यांना परवाने, त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तात्पुरते परवाने आणि हॉटेले व क्लब यांना जेवणाबरोबर मद्य देण्याची मुभा, असे त्या आदेशाचे स्वरूप होते. जगभरचे धनको आणि व्यापारी येथे यावेत अशी इच्छा असेल, तर त्यांना त्यांच्या सवयीचे वातावरण मिळाले पाहिजे, हा त्यामागचा युक्तिवाद. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. तथापि हाच युक्तिवाद उद्या हिऱ्यांच्या सौद्यांसाठी सुरतेत पुढे केला गेला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण राहणार नाही. परदेशी गिऱ्हाईक तेथेही येणार आणि सवयी त्यालाही असणार.

असा पाहुणा मोठा सौदा पुरा झाल्यावर काय मागवील? बहुधा फेसाळ द्राक्षमद्याची बाटली, आणि तीही 'ड्राय'. हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रूढ आहे. निवडणुकीच्या वा गांधीजयंतीच्या दिवशी दुकाने बंद असली की तो 'ड्राय डे'. आणि ज्या वाइनमध्ये साखर जवळजवळ उरलेली नाही ती 'ड्राय' वाइन. पहिला अर्थ सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याकडे आपण क्वचितच लक्ष देतो, पण प्रस्तुत विषयात तोच अधिक बोधप्रद आहे.

फेसाळ वाइन करण्याची जुनी पद्धत अशी. द्राक्षरस एकदा आंबवून तयार झालेली वाइन बाटलीत भरतात. तीत थोडी साखर व यीस्ट घालून ती बंद करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते आणि त्यातून निघालेला वायू बाहेर पडण्यास वाट नसल्याने वाइनमध्येच विरघळून राहतो. त्याचा दाब पाच-सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेपेक्षा कितीतरी अधिक असतो. खाली बसलेल्या यीस्टच्या साक्यावर ही वाइन महिनोन् महिने मुरते. नंतर बाटली हळूहळू फिरवीत उलटी करून तो साका तोंडाशी आणतात आणि काढून टाकतात. जाती घट होते ती भरून काढताना किती साखर घालावयाची, यावर पुढील नाव ठरते. लिटरमागे बारा ग्रॅमांहून कमी साखर असेल तर ती 'ब्रुट'. वरून साखर मुळीच घातली नाही आणि एकूण साखर तीन ग्रॅमांहून कमी असली तर ती त्याहूनही कोरडी. गंमत अशी, की 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणून जी विकली जाते तीत बारा ते सतरा ग्रॅम साखर असते. म्हणजे नावाने अधिक कोरडी आणि प्रत्यक्षात 'ब्रुट'हून गोड! नावावर भाळू नये, हा धडा येथेही लागू पडतो.

अशा वाइनची पारख करणारे तिला सात-आठ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात, निमुळत्या तोंडाच्या पेल्यात थोडीच ओततात आणि प्रथम नुसती पाहतात. बुडबुडे बारीक असून तळातून संथ व अखंड वर येत आहेत, की भसाभस उसळून क्षणात विरत आहेत? मग वास. हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा आणि साक्यावर मुरलेली असेल तर ताज्या भाजलेल्या पावाचा. शेवटी घोट. जिभेच्या कडांना जाणवणारी आंबट धार स्वच्छ असावी आणि घोट गिळल्यावर चव काही काळ रेंगाळावी. या साऱ्या सोपस्काराला श्रीमंतांची चैन म्हणून हसणे सोपे आहे. पण त्यात एक तत्त्व आहे. साखर हे दोष झाकण्याचे पांघरूण आहे. द्राक्ष कच्चे असो, पीप अस्वच्छ असो, घाई झालेली असो, गोडव्याखाली पुष्कळ काही खपून जाते. बिनसाखरेच्या वाइनला मात्र तो आडोसा नसतो. जे केले ते उघडे पडते. म्हणूनच लहान उत्पादकाची बिनगोड फेसाळ वाइन ही त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी मानली जाते. मोठे कारखानदार अनेक गावांची, अनेक सालांची वाइन मिसळून दरवर्षी तीच ती चव साधतात, आणि तेही एक कौशल्य आहेच. परंतु लहान्याच्या बाटलीत एकाच टेकडीची माती आणि एकाच वर्षाचे ऊनपाऊस उतरलेले असतात.

या लहान्याला आपला हक्क सुखासुखी मिळालेला नाही. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात नव्वद टक्क्यांच्या आसपास द्राक्षमळे शेतकऱ्यांचे आहेत, पण विकली जाणारी बहुतेक शँपेन बड्या पेढ्यांच्या नावाची असते. १९१० चे पीक बुडाले. काही पेढ्या बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षे आणून त्यांचीच शँपेन विकीत आहेत हे पाहून १९११ च्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले. तळघरे फोडली गेली, वाइन गटारात वाहिली, सैन्य बोलवावे लागले. त्या उठावातून आणि पुढील कायद्यांतून हे ठरत गेले, की शँपेन हे नाव त्या मातीचे आहे, ते कोणाही व्यापाऱ्याचे नव्हे. आज स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांची वाइन स्वतः करणाऱ्याच्या लेबलवर 'आरएम' ही दोन बारीक अक्षरे असतात. जाणकार बाटली उचलताच प्रथम ती शोधतात.

आपल्याकडेही याचा काही अनुभव आहे. शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइनचा कारखाना काढला आणि १९८० नंतरच्या दशकात ती परदेशी बाजारातही नेली. तो उद्योग पुढे कर्जाच्या भाराखाली कोसळला, पण वाट मात्र पडली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आखले, नाशिक-दिंडोरीच्या परिसरात वाइनचे लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि २०१३ मध्ये एका जगप्रसिद्ध फ्रेंच समूहाने दिंडोरीत केवळ फेसाळ वाइनसाठी पाय रोवले. ऑक्टोबर छाटणीनंतरची द्राक्षे नेहमीच्या तोडणीआधी, आम्लता टिकून असतानाच तोडली, तर उष्ण देशातही उत्तम बिनगोड फेसाळ वाइन होते, हे तेथील लोकांनी सिद्ध केले. नाशिकहून सापुताऱ्याचा घाट उतरला की सुरतेची वाट लागते. परंतु ती बाटली त्या घाटापाशी आली की गुन्हा ठरते. सुरतेच्या रसिकाने तिची चव घ्यावयाची तर एक तर वर नाशिकला जावे किंवा खाली दमणला.

आता प्रश्न असा, की सुरतेला स्वतःचे असे फेसाळ, बिनगोड पेय कधी नव्हतेच काय? होते, आणि त्याचा दाखला एका परदेशी पाहुण्यानेच देऊन ठेवला आहे. एडवर्ड टेरी हा इंग्रज धर्मोपदेशक १६१६ साली सुरतेच्या सुवाळी बंदरात उतरला; सर टॉमस रो या वकिलाचा तो उपाध्याय होता. १६५५ साली लंडनला छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ताडाच्या रसाचे जे वर्णन केले आहे, ते आजच्या कोणत्याही मद्यपरीक्षकाने हेवा करावा असे आहे. रात्रभर पाझरलेला हा रस पहाटे घेतला तर त्याला तो नव्या पांढऱ्या वाइनसारखा रुचकर आणि तिच्याहूनही नितळ वाटला. तो किंचित वायुकारक आहे हेही त्याने नोंदविले. आणि ऊन चढले की तोच रस डोक्यात जाणारा व अपायकारक होतो, आणि आपले दारुडे खलाशी नेमका तेव्हाच तो पसंत करतात, असा टोलाही लगावला. नीरा आणि ताडी यांतील भेद इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितला असेल.

त्यामागचे शास्त्र शँपेनहून निराळे नाही. शिंदीच्या वा ताडाच्या गोड रसात हवेतील यीस्ट शिरते. साखरेचे मद्य होते, वायू सुटतो, फेस येतो. पहाटेची गोड नीरा उन्हे वर येता येता फेसाळते आणि दिवस कलेपर्यंत गोडवा ओसरून आंबट, कोरडी ताडी बनते. बाटलीत ज्याला महिने लागतात ते मडक्यात काही तासांत उरकते. म्हणून नीरा काढणारा मडक्याला आतून चुना लावतो, अंधारात झाडावर चढतो आणि सूर्याशी शर्यत लावून गावात येतो. कोणत्या शिंदीचा रस अधिक गोड, कोणत्या झाडाला यंदा विश्रांती द्यावयाची, थंडी पडली की धार कशी बदलते, हे ज्ञान त्याच्या हाताला असते. लहान उत्पादक म्हणून ज्याचा गौरव करावा तो हाच.

परंतु त्याच्या वाट्याला गौरव आला नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर बसविला. गावोगावच्या भट्ट्या जाऊन मक्तेदारांचे राज्य आले. ठाणे जिल्ह्यातील भंडाऱ्यांनी गाऱ्हाणी मांडली, पण महसुलाच्या हिशेबापुढे त्यांचे काही चालले नाही. आमच्या गोमंतकीय वाचकांना हे दूरचे वाटू नये. त्याच १८७८ च्या डिसेंबरात झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याच्या अबकारीलाही मुंबईची पद्धत लावली गेली, आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांना तिची झळ लागली. एकाच वर्षाचे हे दोन कागद सुरतेच्या ताडाला आणि सासष्टीच्या माडाला सारखेच बांधून गेले.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्ह्याच्या पूर्वेकडील आदिवासी गावांत सलाबाई देवीचा संचार सुरू झाला. ही लाट पालघरच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून उठून डोंगराच्या वाटेने तिकडे गेली होती. दारू व ताडी सोडा, रोज स्नान करा, मक्तेदाराच्या दुकानाची पायरी चढू नका, अशा देवीच्या आज्ञा होत्या, आणि हजारो लोकांनी त्या पाळल्या. ज्यांची जमीन दारूच्या उधारीपायी गेली होती त्यांनी आपल्या माणुसकीसाठी केलेला तो निग्रह होता. तो कोणत्याही सरकारने लादलेला नव्हता, किंबहुना सरकारच्या महसुलाला धक्का देणारा होता. मद्यनिषेधाच्या मागे जे नैतिक बळ आहे ते अशा चळवळींचे आहे, आणि त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदानेही राज्याला हीच दिशा दाखविली आहे.

पण निग्रह वेगळा आणि परवान्यांची उतरंड वेगळी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये द्विभाषिक राज्याची वाटणी झाल्यावर दोन्ही राज्यांकडे आला. महाराष्ट्राने तो यथावकाश शिथिल केला, गुजरातने गांधीजींच्या नावाने जतन केला. जतन करतानाही प्रकृतीच्या कारणासाठी परवाना, परप्रांतीय प्रवाशाला परवाना अशी दारे ठेवली गेली. आर्थिक वसाहतीचे दार हे त्यांतील सर्वांत नवे. ही सारी दारे सुस्थितांच्या उंचीची आहेत. उधना-लिंबायतच्या वस्त्यांत राहून यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या खानदेशी मजुराला त्यांतून आत जाता येत नाही. त्याच्यासाठी उरते ती चोरटी पोटली. २००९ च्या जुलैत अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. २०१६ च्या सप्टेंबरात खुद्द सुरत जिल्ह्यात वरेली परिसरात माणसे दगावली. २०२२ च्या जुलैत बोटाद-अहमदाबाद भागात चाळीसहून अधिक मेले. कारखान्यात वापरावयाचे मिथाईल अल्कोहोल पेल्यात आले होते, हे अहमदाबाद आणि बोटाद या दोन्ही प्रकरणांत निष्पन्न झाले. २००९ च्या दुर्घटनेनंतर असे विष विकणाऱ्यास फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली. ती असूनही बोटाद घडले.

येथेच आम्हांस मूळ विसंगती दिसते. साखर संपलेली, पाच-सहा टक्के मद्यांश असलेली, कोणी कोणत्या झाडाची काढली हे सांगता येण्याजोगी ताडी गुन्हा आहे. आणि बारा टक्के मद्यांशाची, सातासमुद्रापलीकडून आलेली शँपेन ठरावीक कुंपणाच्या आत प्रतिष्ठा आहे. मद्य वाईट म्हणून बंदी असेल तर ती कुंपणाच्या आतही वाईटच असली पाहिजे. जबाबदारीने पिणारा प्रौढ माणूस विश्वासार्ह असेल, तर तो पगाराच्या आकड्यावरून ठरता कामा नये. कायद्याला स्वतःची रसना असावी, पण ती किंमत चाखणारी नसावी.

गुजरातला उपदेश करून आमची सुटका होत नाही. गोव्यात दारूची दुकाने उदंड आहेत, पण माडावर चढणारा रेंदेर दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु पर्यटकाच्या हाती पडणाऱ्या बाटलीवर ती कोणत्या बागेतली, कोणाच्या भट्टीची, हे कितीदा लिहिलेले असते? माडाचा गूळ चतुर्थीला हवा असतो आणि तो करणाऱ्याचा मुलगा मात्र बोटीवर जातो. महाराष्ट्रातही २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो अंमलात आलाच नाही. त्या वादात शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले. लहान उत्पादकाला आपल्या दारात आपला माल ताठ मानेने विकता यावा, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

आमच्या मते करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. सुरतेच्या पंचक्रोशीत नीरेला कायद्याची मोकळीक परवान्यापुरती आहे. तिला पहाटेचे शीतगृह, स्वच्छ भांडी आणि रास्त भाव यांची जोड दिली तर शिंदीवर चढणारा हात टिकेल. दारूबंदी ठेवावयाचीच असेल तर सवलतींचे निकष संपत्तीऐवजी पेयाच्या तीव्रतेवर आणि शुद्धतेवर बेतावेत, आणि ते श्रीमंत-गरिबांस सारखे लागू करावेत. ते जमत नसेल तर कुंपणाच्या आतील दारही बंद करावे. नाशिकची वाइन असो, गोव्याची फेणी असो, ती कोणी, कोठे, कशापासून केली हे बाटलीवर ठळक छापणे सक्तीचे असावे. आणि ज्यांना मद्य नकोच आहे, त्यांच्या निग्रहाला सलाबाईच्या भक्तांना मिळाला होता तसा समाजाचा आधार मिळावा. पोलिसाच्या हप्त्याने तो कधीच बळकट होणार नाही.

बिनगोड वाइन चाखणारा पहिल्या घोटालाच ओळखतो, की येथे दोष झाकायला साखर नाही. कायद्याचीही परीक्षा तशीच घ्यावी लागते. गांधीजींचे नाव, गुंतवणुकीचा आकडा, राज्याची प्रतिमा ही सगळी साखर बाजूला काढली म्हणजे तळाशी काय उरते ते पाहावे. सध्या तेथे उरतो तो पाहुण्यासाठी पेला आणि घरच्या माणसासाठी पोटली. सुरतेच्या जेवणाची कीर्ती काशीच्या मरणाशी जोडली गेली ती कौतुकाने. वरेलीच्या मजुराला जे मरण आले ते मात्र काशीचे नव्हते. शँपेनचे बूच उडविण्याआधी राज्यकर्त्यांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ होईल.